डबा बदलला, पण आधी गळती शोधली

ट्रकची वायरिंग आणि आम्ही यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पेशाने कारकून. पाना-पक्कड हाती धरण्याचा प्रसंग आमच्यावर क्वचितच येतो. परंतु आपल्या वस्त्यांमधून आज किती घरांची चूल गाडीवर पेटते हे आपण सारेच जाणतो. कोणी ड्रायव्हर आहे, कोणी क्लीनर आहे, कोणी गॅरेजात पंक्चर काढता काढता मिस्त्री झाला आहे. हल्ली काही धडपड्या तरुणांनी कर्ज काढून स्वतःची जुनी गाडी घेतली आहे. अशा घरातली गाडी आजारी पडली म्हणजे घरातले माणूस आजारी पडल्यासारखेच असते. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

आमच्या थोरल्या बहिणीचे घर नागपूरजवळच्या वाडीला. भाऊजींनी सत्तावीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. मालक बदलले, गाड्या बदलल्या, पण स्टिअरिंगवरचा हात तोच राहिला आणि महिन्याकाठचा पगारही जवळजवळ तोच राहिला. 2021 साली भाच्याच्या नावावर कर्ज काढून त्यांनी एक सहा चाकी ट्रक घेतला. गाडी 2017 सालची, म्हणजे अगदी जुनी नव्हे, पण दोन मालकांच्या हातांखालून गेलेली. पहिले काही महिने भाऊजी रात्री दोनदा उठून, बाहेर जाऊन गाडी पाहून येत. बाई त्यावरून त्यांना हसे. पण आपले म्हणता येईल असे दारापुढे काही उभे राहण्याची त्या घरातली ती पहिलीच वेळ होती.

गाडी गोंदियाकडून तांदूळ आणून नागपूरच्या कळमना बाजारात टाकत असे. तीन वर्षे बरी गेली. 2024 च्या जून महिन्यात तिने खोड्या करण्यास सुरुवात केली. उजवीकडचा इंडिकेटर दिला तर दोन्ही बाजूंचे लुकलुकत. पाऊस नसताना वायपर आपोआप एक फेरी मारून थांबत. शनिवारी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी स्टार्ट होत नसे. भाच्याने आधी हे हसण्यावारी नेले. पुढे हसण्यासारखे काही उरले नाही.

जुलैमधील एका रात्री साकोली सोडून लाखनीकडे येताना, भर पावसात, चालत्या गाडीचे हेडलाइट एकाएकी गेले. राष्ट्रीय महामार्ग 53 वरची ती वेळ म्हणजे मागून-पुढून अवजड गाड्यांची रीघ. भाच्याने अंदाजाने गाडी कडेला घेतली. मागचे दिवेही गेले होते. क्लीनर मुलगा हातात टॉर्च घेऊन गाडीमागे पन्नास-साठ पावलांवर भिजत उभा राहिला आणि मागून येणाऱ्या गाड्यांना हात करीत राहिला. अंधारात उभा असलेला बिनदिव्याचा ट्रक म्हणजे काय, हे ज्याच्या घरी कोणी रात्री गाडी चालवतो त्याला सांगावयास नको. भाच्याने पहाटे आम्हाला फोन केला. म्हणाला, “मामाजी, इंजन चालूच हाय जी. गाडीले डोळेच नाही रायले.”

त्यानंतर पंधरा दिवस गाडी या गॅरेजातून त्या गॅरेजात फिरली. पहिल्या ठिकाणी दोन्ही बॅटऱ्या बदलायला लावल्या. आठ दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी मिस्त्रीने सुचवले की, हेडलाइटची वायर सरळ बॅटरीवरून आणून एका साध्या बटणावर जोडून देतो, म्हणजे कटकट मिटली. भाऊजींनी ते होऊ दिले नाही, हे फार बरे झाले. मध्ये फ्यूज नसलेली अशी वायर कोठे घासली आणि पत्र्याला चिकटली तर ती तापून लाल होते, आणि केबिनला आग लागण्यास वेळ लागत नाही. तिसऱ्या गॅरेजात स्कॅनर लावून एक कागद काढला आणि सांगितले की, गाडीचे ‘बॉडी कंट्रोल मॉड्यूल’ गेले, ते नवे टाकावे लागेल. खर्च ऐकून बाई मटकन खाली बसली. कर्जाच्या दोन हप्त्यांहून तो अधिक होता.

त्या रात्री आम्ही वाडीला गेलो. आम्हाला येते ते एकच काम, हिशोब मांडणे. वहीच्या एका पानावर आम्ही उभ्या गाडीचा खर्च लिहून काढला. हप्ता थांबत नाही. विमा आणि कर गाडी उभी असली तरी वर्षाचे वर्ष चालू राहतात. क्लीनर मुलाला घरी बसवले तरी त्याचे पोट बसत नाही. बॅटऱ्यांचे पैसे गेलेच होते. आणि ज्या व्यापाऱ्याचा माल आपण नेत होतो तो दुसरी गाडी पाहू लागला होता. बाई म्हणाली, “इकून टाका हे धूड. पोरगं जाईन दुसऱ्याच्या गाडीवर. तुमीबी तर गेलेच होते ना?” भाऊजी काही बोलले नाहीत. सत्तावीस वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर काढलेल्या माणसाला आपल्या मुलानेही तेच करावे हे ऐकवत नव्हते. आम्हालाही ऐकवले नाही.

आता हे मॉड्यूल म्हणजे काय, ते समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. मिस्त्री लोक त्याला सरळ ‘डबा’ म्हणतात. पूर्वीच्या ट्रकमध्ये दिव्याचे बटण दाबले की वीज बॅटरीतून निघून फ्यूज, बटण आणि रिले यांतून जाऊन दिवा पेटवी. दिवा पेटला नाही तर त्या एका वायरीच्या मागे मागे जायचे, कोठे तुटली ते पाहायचे आणि सांधायचे. भाऊजींसारखे जुने ड्रायव्हर हे काम रस्त्याच्या कडेला बसून करीत. पुढे गाड्यांत विजेवर चालणाऱ्या वस्तू वाढल्या तशा वायरीही वाढल्या, त्यांचे मनगटाएवढे जुडगे झाले. त्यावर उपाय म्हणून हा डबा आला. आता बटण दाबले की ते केवळ डब्याला निरोप देते. डबा विचार करतो आणि दिव्याला, वायपरला किंवा हॉर्नला वीज सोडतो. इंडिकेटरची टिकटिकसुद्धा तोच मोजतो. कोठे जास्त वीज ओढली जाऊ लागली तर तोच ती तोडतो. इंजिनाचा डबा निराळा, मीटरचा निराळा, ब्रेकचा निराळा, आणि हे सारे डबे एकमेकांत पिळलेल्या दोन बारीक वायरींवरून आपसात बोलतात. या बोलण्याच्या पद्धतीला ‘कॅन’ म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती 1986 साली जगापुढे आणली आणि आज ट्रक काय, मोटार काय, बहुतेक गाड्यांत तीच चालते.

यातला फायदा उघड आहे. तोटा असा की, डबा बिघडला म्हणजे एका वेळी दहा ठिकाणी वेडेपणा दिसतो, आणि डब्याभोवतीचे काही बिघडले तरीही नेमका तसाच वेडेपणा दिसतो. खजिनदार आजारी पडला काय आणि तिजोरीची किल्ली हरवली काय, पगार दोन्ही वेळा थांबतोच. बाहेरच्या माणसाला फरक कळत नाही. तो शोधावा लागतो.

शोधणारा माणूस आम्हाला घराजवळच मिळाला. मागच्या गल्लीतील एक मुलगा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून, काही वर्षे एका मोठ्या गॅरेजात राबून, आता अमरावती रोडवर स्वतःचे लहानसे ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान चालवतो. दुकान म्हणजे एक टपरी, एक टेबल, एक चांगला मल्टीमीटर आणि हप्त्यावर घेतलेला एक स्कॅनर. त्याने तो तिसऱ्या गॅरेजचा कागद वाचला आणि बाजूला ठेवला. आम्हाला म्हणाला, “काकाजी, डबा मेला असन बी. पण त्याले मारलं कोणी, ते पाहा लागन ना. नाही तं नवाबी मरन.”

हे एक वाक्य आम्हाला फार मोलाचे वाटले. आमच्या कचेरीत हिशोबाचा ताळा जुळत नाही तेव्हा काही लोक शेवटचा आकडा खोडून दुरुस्त करतात. ताळा त्या दिवशी जुळतो आणि पुढल्या महिन्यात पुन्हा फिसकटतो. चूक जेथे शिरली तेथपर्यंत मागे गेल्याशिवाय हिशोब सुधारत नाही. तीच गोष्ट येथे होती.

त्याने काम कसे केले ते आम्ही शेजारी स्टुलावर बसून वहीत टिपून घेतले. बारावी सायन्सला असलेली भाची त्याला इंग्रजी वायरिंगचा नकाशा वाचून दाखवीत होती. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांच्यासाठी तो क्रम येथे देतो.

पहिल्याने बॅटऱ्या. मोठ्या ट्रकची वीज 24 व्होल्टची, म्हणजे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडलेल्या. त्याने त्या वेगवेगळ्या मोजल्या. एकीत 12.6 व्होल्ट, दुसरीत जेमतेम 11.9. दोन्ही नव्या असून असे का? कारण लगेच सापडले. पूर्वीच्या मालकाने टेप आणि पंख्यासाठी 12 व्होल्टची वायर एकाच बॅटरीवरून काढली होती. ती बॅटरी रोज उपाशी राहायची, आणि अल्टरनेटर दोघींना मिळून एकच वाढप करीत असल्यामुळे दुसरी गरजेपेक्षा जास्त जेवायची. अशाने दोन्ही लवकर मरतात. टेप-पंख्यासाठी 24 चे 12 करणारा लहान कन्व्हर्टर बसवणे हा त्यावरचा रास्त उपाय. तो त्याने बसवला.

दुसरी तपासणी अर्थिंगची. गाडीत वीज बॅटरीतून जाते वायरीने, पण परत येते ती बहुतांशी चेसीच्या लोखंडातून. जेथे वायर लोखंडाला बोल्टने जोडलेली असते तेथे गंज चढला की परतीची वाट अरुंद होते. हेडलाइट लावून त्याने मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी डब्याच्या अर्थिंगवर ठेवली. तेथे फरक दिसू नये, दिसलाच तर व्होल्टचा एखादा दशांश. आमच्या गाडीत 1.4 व्होल्ट दिसला. बोल्ट उघडून, लोखंड चमकेपर्यंत पॉलिशपेपरने घासून, पुन्हा घट्ट बसवल्यावर तोच आकडा 0.1 वर आला. आणि पाहा, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदम लुकलुकण्याचा चमत्कार तेवढ्यानेच थांबला. खर्च एका पॉलिशपेपरचा.

तिसरी तपासणी दोन पिळलेल्या वायरींची. बॅटरी सोडवून त्या दोन वायरींमधला अवरोध मोजला तर तो 60 ओहम यावा लागतो, कारण दोन टोकांना 120-120 ओहमचे दोन रोधक असतात. तो बरोबर 60 आला. म्हणजे बोलण्याचा रस्ता शाबूत होता.

चौथी तपासणी उभ्या गाडीच्या चोरीची. चावी काढल्यावर थोड्या वेळाने सारे डबे झोपी जातात आणि मग गाडी अगदी नाममात्र वीज घेते, अँपिअरचा काही शतांश भाग. त्याने निगेटिव्ह वायरीत मीटर जोडले, दारे लावून अर्धा तास वाट पाहिली आणि पाहिले तर दीड अँपिअर वीज वाहतच होती. मग एकेक फ्यूज काढून पाहावयाचा. नवव्या फ्यूजला आकडा धपकन खाली आला. तो फ्यूज त्या डब्याचाच होता. डबा रात्रभर झोपत नव्हता. शनिवारची गाडी सोमवारी का उठत नसे, त्याचे उत्तर मिळाले.

पाचवे काम डबा बाहेर काढणे. तो डॅशबोर्डखाली होता. त्याचे प्लग काढताच पिनांवर हिरवट बुरशी आलेली दिसली. झाकण उघडले तर आतल्या पट्टीवर पाण्याचे वाळलेले डाग आणि तांब्याच्या दोन-तीन बारीक रेघा खाऊन गेलेल्या. त्याने स्पिरिटने धुऊन पाहिले, पण रेघाच उरल्या नव्हत्या तेथे धुऊन काय होणार? तेव्हा तिसऱ्या गॅरेजने सांगितले ते खोटे नव्हते. डबा खरोखरच गेला होता. मात्र तो उघडून पाहण्याचे कष्ट तेथे कोणी घेतले नव्हते, आणि म्हणून पाणी कोठून आले हा प्रश्नही तेथे कोणाला पडला नव्हता.

भाच्याने नळी आणली. एकाने बाहेरून समोरच्या काचेवर पाणी सोडले, दुसरा आत टॉर्च घेऊन पाठीवर पडून राहिला. तीन-चार मिनिटांनी काचेच्या खालच्या कोपऱ्यातून, जेथे रबर कडक होऊन भेगाळले होते, एक थेंब निघाला, वायरींच्या जुडग्यावरून पागोळीसारखा सरकत आला आणि नेमका डब्याच्या प्लगवर टपकला. मागे कधीतरी काच बदलताना जुनेच रबर पुन्हा लावलेले असावे. पाच पावसाळे जरी तो थेंब असा टपकला असेल, तरी हिशोब समजतो. नवा महागडा डबा तसाच बसवला असता तर पुढच्या पावसाळ्यात तोही गेला असता, आणि दोष ‘कंपनीचा माल वाईट’ म्हणून कंपनीच्या माथी गेला असता.

आधी रबर बदलले. मग वायरींच्या जुडग्याला डब्याच्या अलीकडे खाली झोळ दिला, म्हणजे पुढेमागे पाणी आलेच तर ते झोळाच्या तळाशी गळून पडेल, प्लगपर्यंत चढणार नाही. ही युक्ती फुकटची आहे.

आता डब्याची खरेदी. भंगार बाजारात जुना डबा निम्म्याहून कमी पैशांत मिळत होता आणि बाईचा ओढा तिकडे होता. इलेक्ट्रिशियनने तिला नीट समजावून सांगितले. “आत्याजी, रूप एकच असते, पण त्याच्या पोटात दुसऱ्या गाडीचं लिवलेलं असते.” डब्यात गाडीचा चेसी क्रमांक, गाडीला कोणते दिवे आहेत, कोणत्या सोयी आहेत, अशी माहिती भरलेली असते. काही गाड्यांत चावीची ओळखही त्यातच असते. परका डबा लावला तर कधी काहीच चालत नाही, तर कधी अर्धे चालते, आणि अर्धे चालणे हे जास्त वाईट. शिवाय पार्ट क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळावा लागतो. भंगारातला डबा चोरीच्या गाडीचा नाही याची खात्री बिलाशिवाय कोणी देत नाही. शेवटी नवाच डबा अधिकृत विक्रेत्याकडून घेतला. पैसे उभे करायला भाऊजींच्या जुन्या भिशीचा आधार झाला.

बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे, पण त्यातही पथ्ये आहेत. सगळे प्लग काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावेत. चावी काढून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि मगच बॅटरीची निगेटिव्ह सोडवावी. डबा हातात घेण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, कारण अंगावर साचलेल्या विजेची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही, पण आतल्या नाजूक भागांना पुरते. प्लग कुलूप उचलून काढावा, वायर धरून ओढू नये. पिनांना बोट लावू नये.

बसवल्यावर राहते ते माहिती भरण्याचे काम. ते आमच्या मुलाच्या स्कॅनरने होत नव्हते. त्यासाठी मोठ्या गॅरेजात जावे लागले. तेथील काउंटरवरच्या गृहस्थांनी, डबा आमच्या हाताने बसवलेला नाही, सबब आम्ही हात लावणार नाही, असे सांगून टाकले. तेव्हा आमच्यातला कारकून कामास आला. डबा अधिकृत विक्रेत्याचाच असल्याचे पक्के बिल, पार्ट क्रमांक, अनुक्रमांक आणि चेसी क्रमांक असा अर्ज आम्ही जागेवर लिहिला आणि त्यांना एकच विनंती केली, “आपण नकार देत आहात एवढे या अर्जावर लिहून सही करा.” गृहस्थ आत गेले, बाहेर आले आणि गाडी आत घ्या म्हणाले. कागदाला आवाज नसतो, पण त्याचे वजन असते.

माहिती भरताना त्यांनी बॅटरीला चार्जर जोडून ठेवला होता, हे योग्यच. लिहिणे चालू असताना मध्येच वीज कमी पडली तर नवा डबा अर्धवट लिहिलेला राहून निकामी होऊ शकतो. दोन्ही चाव्या सोबत नेल्या होत्या. नंतर भाचा स्टिअरिंगवर बसला आणि भाची बाहेर उभी राहून वहीत खुणा करू लागली. हेडलाइट, डिपर, चारही इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, रिव्हर्स, वायपरच्या दोन्ही गती, हॉर्न. साऱ्यांवर बरोबरची खूण झाली. रात्री वाडीला पुन्हा मीटर लावले. अर्ध्या तासाने आकडा अँपिअरच्या तीन शतांशांवर येऊन थांबला. डबा झोपला. त्या रात्री भाऊजीही झोपले.

एकूण हिशोब आमच्या वहीत आहे. डब्याची किंमत टाळता आली नाही. पण बॅटऱ्यांचा पहिला खर्च, गॅरेजांचे फेरे आणि बावीस दिवसांचे बुडालेले भाडे यांची बेरीज डब्याच्या किमतीहून मोठी भरली. पहिल्याच दिवशी मीटर आणि नळी यांनी तपासणी झाली असती तर ही बेरीज वाचली असती. पावसाळा संपेपर्यंत गाडीने एकदाही दगा दिला नाही. आठ वर्षे पूर्ण झाल्यामुळे 2025 पासून तिला दर वर्षी फिटनेस करून घ्यावी लागते, आणि त्यात दिवे व वायपर पाहिले जातात. त्या परीक्षेतही ती उतरली.

यातून ज्या गोष्टी आपल्या बांधवांनी ध्यानात ठेवाव्यात असे आम्हाला वाटते त्या सांगतो. गाडीवर वेल्डिंग करावयाचे असेल तर बॅटरी सोडवल्याशिवाय आणि डब्यांचे प्लग काढल्याशिवाय वेल्डरला हात लावू देऊ नये. वेल्डिंगचा प्रवाह चेसीतून वाट काढत डब्यांत शिरतो. त्याचा अर्थिंगचा चिमटाही जोडकामाच्या अगदी जवळ लावावयास सांगावे. शोभेचे दिवे आणि मोठे हॉर्न डब्याच्या वायरी कापून जोडू नयेत. ते वेगळ्या फ्यूजवर, वेगळ्या रिलेवर घ्यावेत. आणि रात्री गाडी बंद पडलीच तर मागे ठेवण्यासाठी परावर्तक त्रिकोण हाताशी असावा. टॉर्च घेऊन उभे राहणारे ते पोरही कोणाचे तरी आहे.

दुसरी गोष्ट कागदाची. गॅरेजात गाडी देताना तक्रार काय आहे ते जॉबकार्डवर आपल्या शब्दांत लिहून घ्यावे. काढलेला जुना भाग परत मागावा. पक्के बिल घ्यावे. पैसे घेऊन काम धड न केल्यास दाद मागता येते. व्यवसायाची गाडी असल्यामुळे आपण ग्राहक ठरत नाही, असे काउंटरवर सांगून पुष्कळांना परत पाठवतात. हे अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, केवळ आपल्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर ती व्यापारी हेतूची मानली जात नाही. स्वतः चालवून पोट भरणाऱ्या एका ट्रकच्या मालकाला हे कलम मोठा आधार आहे. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मात्र बिल आणि जॉबकार्ड नसेल तर कायदा असूनही हात रिकामेच राहतात.

तिसरी गोष्ट आपल्या मुलामुलींची. गाडीत डबे आले म्हणून आपल्या मिस्त्रींचे दिवस संपले, असे पुष्कळ जण म्हणतात. आम्ही पाहिले ते उलट आहे. टपरीतल्या त्या मुलाने मोठ्या गॅरेजात न झालेली तपासणी केली ती जादूने नव्हे. ओहम आणि अँपिअर म्हणजे काय हे त्याने शिकून घेतले होते, आणि घाईने भाग बदलण्यापेक्षा मोजून पाहण्याची सवय त्याला होती. हे शिक्षण आयटीआयमध्ये मिळते. आमची भाची आता त्याच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी नकाशे वाचायला जाते. बाईने आधी कुरकुर केली, आता डबा बांधून देते. जेवणाचा डबा, अर्थात.

जाता जाता एवढेच सांगतो. मे महिन्याच्या अखेरीस एका रविवारी, रोहिणीचा पाऊस येण्यापूर्वी, ज्यांच्या दारापुढे गाडी उभी आहे त्यांनी पाण्याची नळी घ्यावी, समोरच्या काचेवर पाच मिनिटे पाणी सोडावे आणि आत जाऊन पायाखालची मॅट उचलून हाताने चाचपून पाहावी. हात ओला झाला, तर आधी रबर बदलावे.